दुर्मीळ व्हायोलिन-चेलो उसने द्यायचे, तर किती काळ?

गजगामिनी:
फ्रँक पीटर त्सिमरमान हा जर्मन व्हायोलिनवादक 'लेडी इंचिक्विन' नावाचं १७११ सालचं स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे इटालियन कारागीर स्ट्रॅडिव्हारीच्या हातचं व्हायोलिन, वाजवायचा. वाद्य एका बँकेच्या मालकीचं. बँक मोडीत निघाली, करार संपला आणि २०१५ मध्ये त्याला ते परत करावं लागलं. पुढे ते तिथल्या राज्य सरकारच्या संग्रहात गेलं आणि २०१६ मध्ये पुन्हा त्याच्याच हाती आलं. त्याच्यापुरती कहाणी सुफळ संपूर्ण, पण तो नावाजलेला होता. विशीतल्या होतकरू पोरांचं काय? उसनं द्यायला माझी ना नाही. ना आहे ती दोन-तीन वर्षांच्या बोलीवर द्यायला. वादक वाजवतोय तोवर वाद्य त्याच्याकडेच राहू द्या.

मंद्रसप्तक:
साफ नामंजूर. स्ट्रॅडिव्हारी १७३७ मध्ये गेला, त्याची साडेसहाशेच्या आसपास वाद्यं उरली आहेत. एकाला तहहयात दिलं की मागच्या रांगेने नुसतं बघत बसायचं? कॅनडा कौन्सिलची वाद्यपेढी दर तीन वर्षांनी स्पर्धा घेऊन वाद्यं नव्याने वाटते. मला तेच न्याय्य वाटतं.

शंकेखोर:
तुमचं भांडण मुदतीवरून. मी म्हणतो, जुन्याच वाद्यांचा हा अट्टहास कशाला? २०१२ मध्ये पॅरिसला दहा नामांकित एकलवादकांना गडद चष्मे लावून बारा व्हायोलिनं वाजवायला दिली होती, सहा जुनी, सहा नवी. दहापैकी सहा जणांची पहिली पसंती नव्या वाद्याला! क्रिस्टियान टेट्सलाफसारखा नामवंत व्हायोलिनवादक तर पेटर ग्राइनरने घडवलेलं आजच्या काळातलं व्हायोलिन वाजवतो, त्याचं काही अडलेलं दिसत नाही. 'लेडी ब्लंट' नावाचं स्ट्रॅडिव्हेरियस २०११ मध्ये १ कोटी ५९ लाख डॉलरला गेलं. (पैसे जपानच्या भूकंपग्रस्तांना गेले, तेवढं बरं झालं.) एवढ्या रकमेत किती कारागिरांच्या हातांना काम मिळेल, हिशेब करा. आणि उसनं देणारे सगळेच दानशूर नसतात हो. चांगल्या वादकाचं नाव वाद्याला चिकटतं, भाव चढतो तो मालकाचा.

रोखठोक:
त्यात जोखीमही आली. २०१४ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला व्हायोलिनवादक फ्रँक आमंड कार्यक्रम संपवून बाहेर पडला, तर चोरट्यांनी विजेचा झटका देऊन त्याच्या हातातलं 'लिपिन्स्की' स्ट्रॅडिव्हेरियस पळवलं. तेही उसनंच होतं. काही दिवसांत सापडलं म्हणून निभावलं. शिवाय काही ठिकाणी विम्याचा हप्ता वादकालाच भरावा लागतो. फुकटचं वाद्य असं महागात पडतं.

गजगामिनी:
@शंकेखोर, ती चाचणी वाचली आहे. सव्वा-सव्वा तासाच्या दोन बैठका. तेवढ्यात वाद्याशी तोंडओळख होते, फार तर.

मला एका संस्थेने दोन वर्षांसाठी जुना चेलो (व्हायोलिनच्या घराण्यातलं, गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं वाद्य) दिला होता. तिसऱ्या तारेवर वरच्या बाजूला एक स्वर लागला की आवाज फाटायचा, गुरगुरायचा. 'वूल्फ', म्हणजे लांडगा, म्हणतात तो हाच. पहिले सहा महिने मी बोटं बदलून तो स्वर दुसऱ्या तारेवर घेत होते. मग एकदा रियाजात चुकून गुडघे आवळले गेले आणि लांडगा गप्प! नेमकं किती दाबायचं हे अंगात मुरायला वर्ष गेलं. मुरलं, तोवर परत करायची तारीख आली. त्यानंतर कितीतरी दिवस मी माझ्या साध्या चेलोलाही त्या जागी गुडघे आवळत होते. त्यात लांडगा नव्हताच.

मंद्रसप्तक:
हे पटलं. मुदत पाच-सहा वर्षांची करा म्हणालात तर हात वर करेन, तहहयातला नाही. पण एक विचारतो, तुमच्यानंतर ज्याला तो चेलो मिळाला, त्याला गुडघ्यांची युक्ती कुणी सांगितली?

गजगामिनी:
मी पेटीत चिठ्ठी ठेवली होती. नंतर कळलं, संस्थेने पेटीच बदलली.