भजनी मंडळाची गाडी, मुक्काम आणि पुस्तकं : तुमचे अनुभव लिहा

डिसेंबर जवळ आला की नगर, राहुरी, श्रीरामपूर, जालना सगळीकडे ख्रिस्ती भजनी मंडळांच्या गाड्या सुटतात. कोण काय गायलं, कीर्तन किती रंगलं यावर भरपूर बोललं जातं, पण मला मंडळातल्या घरांबद्दल वाचायचंय. नवरा पेटीवर, बायको गायला, पोरं टाळ घेऊन, आजी डबे सांभाळत मागच्या सीटवर, असं अख्खं घरच फिरतीवर असतं तेव्हा दिवस कसा जातो? पोरं काय खेळतात? गाडीत काय वाचता? लिहा सगळे. सुरुवात मीच करते.

आमचं मंडळ सासऱ्यांनी उभं केलेलं. नाताळच्या दिवसांत नेमका साखर कारखान्यांचा हंगाम जोरात असतो त्यामुळे रस्त्यावर पुढे उसाच्या ट्रॉल्या, मागे उसाच्या ट्रॉल्या आणि मध्ये आमची जीप, पेटी गोधडीत गुंडाळून मुलांच्या पायाशी. अशा वेळी सासूबाई चष्मा चढवून लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, स्मृतिचित्रे, काढतात. मोठ्याने वाचतात, लक्ष्मीबाईंचं बोलणं अगदी शेजारच्या काकू बोलतायत असं वाचतात. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, 1895 ला ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, तो भाग आला की गाडीत एकदम शांतता. दीर गाडी चालवतात, ते म्हणतात, "आई थांब जरा, एवढी ट्रॉली काढू दे, मग वाच, मला नीट ऐकायचंय." टिळक कुटुंब राहुरीत राहायचं हे धाकटीला कळलं तेव्हापासून राहुरी आली की ती खिडकीतून प्रत्येक जुन्या घराकडे बोट करून विचारते, हेच का त्यांचं? आमच्याकडे शाळेबाहेरचं वाचन मुलांना लागलं ते या जीपमध्ये, याबद्दल मला खात्री आहे.

पेटीवाल्यांची लेक :
आमच्या गाडीत वचन शोधायची शर्यत!! सगळ्यांनी बायबल मिटून मांडीवर धरायचं, बाबा समोरून ओरडणार "हबक्कूक दोन, चार" (म्हणजे बायबलमधलं हबक्कूकचं पुस्तक, अध्याय दोन, वचन चार) आणि सुटायचं. स्तोत्रं सापडायला सोपी, साधारण मध्यावर उघडलं की हाताला लागतातच, पण ओबद्याचं पुस्तक म्हणजे एकच अध्याय, तो पानांत कुठे दडतो कळत नाही. बाबा मुद्दाम तोच द्यायचे. एकदा भाऊ रुसला म्हणून त्याला शिक्षा काय तर 119वं स्तोत्र पूर्ण वाचून दाखव, 176 वचनं आहेत त्यात. तो खरंच वाचत बसला आणि मुक्कामाचं गाव आलं तरी उतरेना, म्हणे संपवूनच येतो. आता तो स्वतः कीर्तन करतो, आणि पूर्वरंगात त्याला वचन आठवायला थांबावं लागत नाही.

पखवाजवाला :
मी वारकरी घरातला. गावात हरिपाठाला वाजवायचो, मित्र म्हणाला आमच्या मंडळात तबल्याला माणूस नाही, गेलो, तो राहिलोच. माझ्या पिशवीत तुकोबांची गाथा असते हे सगळ्यांना माहितीय. कीर्तनकार काका रात्री मुक्कामाला गाथा मागून घेतात, कंदिलाचे दिवस गेले आता मोबाईलच्या बॅटरीवर वाचतात. एका रात्री बायबलमधल्या उधळ्या पुत्राचं, घर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या पोराचं, आख्यान लावायचं होतं, त्याआधी दोघं बसून तुकोबांचे अभंग चाळत होतो, आईबापाच्या मायेचे. कवी ना. वा. टिळक सांगायचे की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, काका ते कीर्तनात आवर्जून सांगतात आणि सांगताना माझ्याकडे बघतात. उत्तररंगात बाप धावत जाऊन पोराला मिठी मारतो तिथे मी लय चढवतो, पुढे बसलेल्या म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावतात. मला या लोकांनी घरच्यासारखं वागवलं, माझ्या एकादशीला साबुदाणा वेगळा भिजवतात.

वसईकर :
आमचं कॅथलिक गायन मंडळ. सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मारिया मातेच्या, यात्रेला जातो, रात्रभराचा प्रवास, बसमध्ये पोरासोरांपासून पंचाहत्तरीच्या आत्यापर्यंत सगळे. कसारा घाट चढेपर्यंत गाण्याच्या भेंड्या, मग भूक, मग आत्याच्या डब्यातल्या पोळ्या. त्यानंतर फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, बायबलमधल्या कथांचं मराठी काव्य, निघतं. 1616 ला गोव्यात रायतूरला छापलेलं, जवळपास 11 हजार ओव्यांचं, त्यामुळे एका प्रवासात कुठलं संपतंय, दरवर्षी एखादा प्रसंग. ओवीच ती, म्हणून आत्या तिला जात्यावरच्या चालीत म्हणते आणि आमची गिटारवाली मुलं आधी नुसती ऐकतात मग हळूहळू सूर धरतात. त्यातली एक चाल आम्ही यात्रेत म्हणतो. पुस्तकातून थेट स्टेजवर आलेलं आमचं तेवढंच गाणं आहे आणि मला सगळ्यात तेच आवडतं.

तान्हं बाळ घेऊन फिरणारी :
थोडक्यात लिहिते, बाळ उठेल. बाळाला टाळांचा आवाज लहानपणापासून, त्यामुळे भजनात गाढ झोपतं आणि शांत झालं की उठतं 😄 गावोगावच्या बायका न सांगता पाणी तापवून ठेवतात, त्यांचे उपकार फेडणं शक्य नाही. वाचन म्हणाल तर ज्ञानोदय या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक, लेख छोटे असतात, एक दूध पाजेपर्यंत एक होतो.

ज्यांच्याकडे मुक्काम पडतो ते :
आम्ही गाणारे नाही, पण मंडळं उतरतात आमच्या ओट्यावर म्हणून लिहितो. पिठलं-भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, एवढंच करतो पण पंगतीत जी मजा असते ती लग्नातसुद्धा नाही. जेवणं झाली की त्यांची पोरं आमच्या पोरांना घेऊन अंगणात येशूजन्माचं नाटक बसवतात, आमची शेळी दरवेळी असतेच त्यात. मागच्या खेपेला त्यांच्यातली एक ताई वाचून झालेली पुस्तकं पोरांसाठी ठेवून गेली, ती आता शेजारच्या चार घरांत फिरतायत. यंदा कोणाची गाडी नेवासा-शेवगावकडे येणार असेल तर आधी कळवा, गाद्या उन्हात टाकून ठेवतो. आणि मुलांची पुस्तकं आणता आली तर आणा.