आजीच्या आयुष्यातली न सांगितलेली वर्षे

नव्वदी ओलांडलेल्या आजीचे स्मरण करताना तिचे शेवटचे आजारपणच तेवढे डोळ्यांसमोर येते, अशी खंत आपण व्यक्त केली आहे. त्यात थोडी भर घालतो. माझ्याही बाबतीत सुरुवातीला तेच झाले, कारण आम्हा नातवंडांनी आजीला पाहिले तेच मुळी तिची साठी उलटल्यावर, आणि त्याआधी ती कोणाची धाकटी बहीण, कोणाची नवखी सून, कोणाची धास्तावलेली तरुण आई होती, हे कधी ध्यानातच आले नव्हते.

उतारवयात माणसाला साधारण १० ते ३० या वयातल्या घटना अधिक ठळकपणे आठवतात, असे मानसशास्त्रज्ञांचे निरीक्षण आहे. आजी तेच ते किस्से सांगते म्हणून आम्ही हसायचो (मी तर एकदा तिचे वाक्य तिच्याआधीच पूर्ण केले होते, त्याची लाज आजही वाटते). पण ते सारे त्याच वयातले होते आणि आज तेवढेच आम्हाला तपशीलवार ठाऊक आहे. ज्या काळात तिने दिरांमधले तंटे मिटवले, घरखर्च सांभाळला आणि प्रत्येक मोठ्या निर्णयावर शेवटचा शब्द दिला, तो चाळिशीनंतरचा काळ तिने कधी सांगितलाच नाही. तो मला तिच्या हिशेबाच्या वह्यांत आणि आत्याच्या बोलण्यात सापडला. आपणही घरातल्या वडीलधाऱ्यांना आताच विचारावे, मात्र ‘आजी कशी होती’ असे नव्हे, तर ‘अमुक गोष्ट ठरली तेव्हा ती काय म्हणाली’ असे; पहिल्या प्रश्नाला सगळे ‘फार मायाळू’ एवढेच उत्तर देतात.