अनुभव धागा: क्वीनची ऐंशीच्या दशकातील ध्वनिमुद्रणे

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या चाहत्यांमध्ये एक वाद अनेक वर्षे चालू आहे आणि तो मिटावा अशी कोणाचीही फारशी इच्छा दिसत नाही. १९८० ते १९८९ या काळात आलेले त्यांचे सहा स्टुडिओ अल्बम, म्हणजे 'द गेम', 'फ्लॅश गॉर्डन', 'हॉट स्पेस', 'द वर्क्स', 'अ काइंड ऑफ मॅजिक' आणि 'द मिरॅकल', हे त्यांच्या सत्तरच्या दशकातील कामाच्या तोडीचे आहेत की नाहीत, हा तो वाद होय. सत्तरच्या दशकातील सुरुवातीच्या अल्बमच्या वेष्टनांवर सिंथेसायझर (विद्युत पद्धतीने कृत्रिम स्वर निर्माण करणारे वाद्य) वापरलेला नाही असे अभिमानाने छापलेले असे. १९८० च्या 'द गेम'मध्ये ओबरहाइम कंपनीचा सिंथेसायझर प्रथमच वाजला आणि तेव्हापासून चाहत्यांमध्ये दोन तट पडले.

माझे मत आधीच सांगतो. सिंथेसायझर आला म्हणून क्वीन बदलले, हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. त्याहून मोठा बदल गीतलेखनात झाला. सत्तरच्या दशकात गाजलेली बहुतेक गाणी गायक फ्रेडी मर्क्युरी आणि गिटारवादक ब्रायन मे यांची होती; ऐंशीच्या दशकात बासवादक जॉन डीकन आणि ड्रमवादक रॉजर टेलर हेही त्यांच्या बरोबरीने उभे राहिले. चार वेगळ्या वृत्तींचे गीतकार एकाच अल्बममध्ये नांदू लागल्यावर त्याचा एकसंधपणा कमी होणारच, परंतु आवाक्यात आलेला विस्तार मला त्या तोट्याहून अधिक मोलाचा वाटतो. आपला अनुभव लिहिताना केवळ आवडले किंवा नावडले असे न सांगता, कोणत्या मुद्रणात आपल्याला नेमके काय ऐकू येते, ते कृपया सविस्तर लिहावे.

पुणे, बास गिटारवादक

मी बास गिटार शिकवतो. माझ्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी लवकरच 'अनदर वन बाइट्स द डस्ट' शिकवण्याची मागणी करतात, कारण ते ऐकायला सोपे वाटते. त्यातील स्वर खरोखरच मोजके आहेत. अवघड आहेत ते विराम. प्रत्येक स्वर किती काळ धरायचा आणि हात ठेवून तो कोठे बंद करायचा, हे जॉन डीकनने इतके काटेकोर ठरवलेले आहे की थोडीशी ढिलाई झाली तरी गाण्याचा दम जातो. शिक या अमेरिकन बँडच्या 'गुड टाइम्स'मधील बासचा प्रभाव त्यावर आहे, हे उघड आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. टेलरने दाबून कोरडा केलेला ड्रमचा आवाज टेपवर घेऊन त्याचे आवर्तन तयार केले गेले, आणि बासबरोबरच ताल धरणारी गिटारही डीकननेच वाजवली. हे एकल गाणे म्हणून प्रसिद्ध करावे, असा आग्रह मायकेल जॅक्सनने धरला होता. अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

याच दृष्टीने मी 'हॉट स्पेस'कडेही पाहतो. १९८२ च्या या अल्बमवर सर्वाधिक टीका होते; तरीही 'बॅक चॅट'मधील बास आणि ताल गिटार यांची गुंफण कोणाही वादकाने एकदा हेडफोन लावून ऐकावी. डीकन मुळातच सोल संगीताचा चाहता होता. ज्याला डोके वर काढायला दशकभर वाट पाहावी लागली, त्या माणसाचे मन या गाण्यात मोकळे झालेले मला ऐकू येते.

नाशिक, ड्रमवादक

वरील प्रतिसादातील बासविषयीचे सर्व मुद्दे मला मान्य आहेत, तथापि निष्कर्ष मान्य नाही. रॉजर टेलरच्या वादनाची एक खूण आहे: स्नेअरवर (समोरच्या लहान ड्रमवर) आघात करताना तो त्याच क्षणी हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) किंचित उघडतो, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला एक श्वास लागून येतो. सत्तरच्या दशकातील मुद्रणे डोळे मिटून ऐकली तरी ही खूण ओळखू येते. 'हॉट स्पेस'च्या पहिल्या बाजूवर ड्रम मशीन (तालाचे ठोके आपोआप वाजवणारे यंत्र) आले आणि हा श्वास बंद झाला. 'बॉडी लँग्वेज'मध्ये तर ब्रायन मेची गिटारही शोधावी लागते. वडिलांच्या मदतीने घरी बनवलेली गिटार, तारा छेडण्याच्या पिकऐवजी सहा पेन्सचे नाणे आणि एकावर एक चढवलेले गिटारचे अनेक थर यांतून ज्या माणसाने वाद्यवृंदाचा भास उभा केला, त्याला दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत वाजवायला बसवणे हा माझ्या मते अपव्यय आहे.

दुसऱ्या बाजूवर 'पुट आउट द फायर' येते तेव्हा गिटार पुन्हा मोकळी होते. एकाच अल्बममध्ये दोन बँड असल्यासारखे वाटते आणि धागाकर्त्यांनी ज्याला विस्तार म्हटले आहे, तो मला येथे फूट म्हणून ऐकू येतो. याच काळातील 'हॅमर टू फॉल' आणि 'वन व्हिजन' ही गाणी मी मनापासून ऐकतो, कारण त्यांत चौघे एका खोलीत आहेत असे वाटते.

मिल्टन कीन्स, इंग्लंड

मूळची सांगलीची, नोकरीनिमित्त या गावात स्थायिक झाले. ५ जून १९८२ रोजी क्वीनचा कार्यक्रम याच गावातील बोल नावाच्या खुल्या मैदानात झाला आणि त्याचे मुद्रण २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. नाशिकच्या सदस्यांचा आक्षेप ज्यांना पटतो, त्यांनी त्यातील 'स्टेइंग पॉवर' अवश्य ऐकावे. 'हॉट स्पेस' अल्बमवर हे गाणे सिंथेसायझरचा बास आणि आरिफ मार्डिन यांनी बांधलेले पितळी वाद्यांचे तुकडे यांवर उभे आहे. मैदानात ती वाद्ये नाहीत. डीकन बास बाजूला ठेवून गिटार हाती घेतो, मे दुसरी गिटार वाजवतो, मॉर्गन फिशर कीबोर्डवरून बास सांभाळतो आणि टेलर खराखुरा ड्रम वाजवतो. गाणे तेच, चाल तीच, परंतु त्याला जे वजन येते ते स्टुडिओतील मुद्रणात नाही.

माझ्या मते यावरून 'हॉट स्पेस'चा दोष गाण्यांमध्ये नसून त्यांच्या मुद्रणाच्या पद्धतीत होता, हे सिद्ध होते. ज्या अल्बमला चाहते सर्वांत दुबळा म्हणतात, त्यातील गाणी रंगमंचावर इतकी टिकाव धरतात, तर त्यांच्या रचनेबद्दलची तक्रार मागे घ्यायला हवी. ड्रमविषयीची तक्रार मात्र राहतेच, आणि ती रास्त आहे.

म्युनिक, ध्वनिमुद्रणाची विद्यार्थिनी

'द गेम' ज्या म्युझिकलँड स्टुडिओत मुद्रित झाला, तो संगीतनिर्माता जॉर्जियो मोरोडरने येथे आराबेलाहाउस या उंच इमारतीच्या तळघरात उभारला होता. तेथील मुद्रणतज्ज्ञ राइनहोल्ड माक याच्याबद्दल या चर्चेत कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. क्वीनची जुनी पद्धत अशी होती की एखाद्या गाण्याचा पायाभूत भाग जमेपर्यंत सलग पुन्हा पुन्हा वाजवायचा. माकने त्यांना सांगितले की चुकलेला तेवढाच तुकडा पुन्हा वाजवून टेपवर बसवता येतो. आज संगणकावर काम करणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना ही गोष्ट स्वाभाविक वाटते. त्या चौघांसाठी मात्र ती मोठी सुटका होती.

'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' हे १९७९ च्या उन्हाळ्यातील मुद्रण त्याचे उत्तम उदाहरण आहे. फ्रेडीने ते येथील हॉटेलात अंघोळ करताना रचले आणि लगेच स्टुडिओत येऊन, ब्रायन मे पोहोचण्यापूर्वीच, टेलर आणि डीकन यांच्यासह त्याचा पाया मुद्रित केला. ॲकॉस्टिक गिटार स्वतः फ्रेडीने वाजवली. नंतर मेने मधला तुकडा त्याच्या नेहमीच्या गिटारऐवजी टेलिकास्टर या दुसऱ्या प्रकारच्या गिटारवर वाजवला, कारण पन्नाशीच्या दशकातील रॉक अँड रोलचा कोरडा टणत्कार त्यात हवा होता. मुद्रणात कोठेही थर नाहीत, सजावट नाही. हे गाणे ऐकताना मला खोलीचा आकार जाणवतो. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'साठी एकावर एक आवाज चढवत दीर्घ काळ घालवणाऱ्या बँडने असे उघडे मुद्रण प्रसिद्ध करणे, याला मी धैर्य म्हणते.

दादर, मुंबई

काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून घेतलेली 'द वर्क्स'ची कॅसेट आमच्या घरी इतकी वाजली की तिची फीत ताणली गेली. या अल्बममध्ये बँड पुन्हा एकत्र आला, असे माझे मत आहे. 'रेडिओ गा गा' टेलरचे. ब्रिटनमध्ये एवढे गाजलेले त्याचे हे पहिलेच गाणे. संपूर्ण गाणे यंत्रांवर उभे असूनही ते थंड वाटत नाही, कारण फ्रेडी कडव्यात आवाज जवळजवळ बोलण्याच्या पट्टीत ठेवतो आणि ध्रुवपदात तो उघडतो. डीकनच्या 'आय वाँट टू ब्रेक फ्री'मधील मधला तुकडा अनेकांना गिटारचा वाटतो. तो फ्रेड मँडेल या कीबोर्डवादकाने सिंथेसायझरवर वाजवलेला आहे. सिंथेसायझरमुळे भावना हरवते असे म्हणणाऱ्यांनी त्या तुकड्यातील स्वरांचे खेचणे ऐकावे.

पाचगणी

येथील सेंट पीटर्स शाळेत फ्रेडी, म्हणजे तेव्हाचा फारुख बलसारा, शिकला, पियानोचे धडे गिरवले आणि द हेक्टिक्स नावाच्या शालेय बँडमध्ये वाजवू लागला. येथे येणारे पर्यटक त्याच्या प्रत्येक गाण्यात पाचगणी शोधू पाहतात. ते मला पटत नाही. ऐंशीच्या दशकातील मुद्रणांपुरते बोलायचे तर 'इट्स अ हार्ड लाइफ' हे एक गाणे मी पुढे करीन. त्याचा आरंभ लेओन्काव्हाल्लोच्या 'पाल्याची' या ऑपेरातील प्रसिद्ध गीताच्या सुरावटीवरून घेतलेला आहे आणि पुढे पियानो ज्या शिस्तीने गाण्याला पेलतो, त्यात लहानपणी घटवलेल्या हातांची तयारी दिसते.

कोल्हापूर, गायनाची शिक्षिका

मी हिंदुस्थानी संगीत शिकवते आणि फ्रेडीच्या आवाजाचा अभ्यास आवडीने करते. सत्तरच्या दशकात त्याचा आवाज चपळ आणि तलम होता. ऐंशीच्या दशकात तो भरीव झाला. तार सप्तकात तो पूर्वी हलकेच शिरत असे, तेथे आता छातीचा जोर लावून उभा राहतो. काही चाहत्यांना हा ऱ्हास वाटतो. मला ते परिपक्व होणे वाटते, आणि त्याचा पुरावा म्हणून मी १९८६ च्या 'अ काइंड ऑफ मॅजिक'मधील 'हू वाँट्स टू लिव्ह फॉरएव्हर'कडे बोट दाखवते.

'हायलँडर' या चित्रपटासाठी हे गीत ब्रायन मेने लिहिले. अल्बमवर पहिले कडवे तोच गातो, आणि त्याचा आवाज साधा, किंचित संकोची आहे. त्यानंतर फ्रेडी येतो. तो लगेच जोर लावत नाही. मायकेल केमेन यांनी बांधलेला वाद्यवृंद हळूहळू वाढत जातो आणि गायक त्याच्या अर्धे पाऊल मागे राहून चालतो, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी दाखवते, कारण बढत म्हणजे काय ते कोणत्याही संगीतपद्धतीत सारखेच असते. शिखर गाठल्यावर तो स्वर सोडून देतो, ताणून धरत नाही. पुण्याच्या सदस्यांनी बासच्या विरामांबद्दल जे लिहिले आहे, तेच गळ्याच्या बाबतीतही खरे आहे.

याउलट 'कूल कॅट'मध्ये, म्हणजे पुन्हा 'हॉट स्पेस'मध्येच, तो सबंध गाणे कृत्रिम पातळ आवाजात गातो आणि एकही स्वर डळमळत नाही. भरीव आवाज कमावल्यावरही तलम आवाज त्याने गमावला नव्हता. गायनाच्या दृष्टीने त्याचे सर्वोत्तम दशक हेच आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

ठाणे

'द मिरॅकल'बद्दल लिहायला हवे. ९ ऑगस्ट १९८६ रोजी इंग्लंडमधील नेबवर्थला फ्रेडीसह शेवटचा कार्यक्रम झाला आणि मे १९८९ मध्ये हा अल्बम आला, त्याच्यानंतर दौरा झाला नाही. फ्रेडीच्या एड्स या आजाराची जाहीर कबुली २३ नोव्हेंबर १९९१ रोजी आली आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. परंतु 'द मिरॅकल' मुद्रित होत असताना चौघांना गोष्टी ठाऊक होऊ लागल्या होत्या. याच अल्बमवर त्यांनी प्रथमच सर्व गाण्यांचे श्रेय वैयक्तिक नावांऐवजी क्वीन या एकाच नावाने दिले. धागाकर्त्यांनी चार गीतकारांच्या उदयाबद्दल लिहिले आहे. त्या उदयाची परिणती चौघांनी आपापली नावे काढून घेण्यात झाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

मुद्रणातही ते ऐकू येते. 'आय वाँट इट ऑल'मध्ये गिटार पुढे आहे, 'द इन्व्हिजिबल मॅन'मध्ये यंत्रे पुढे आहेत आणि 'वॉज इट ऑल वर्थ इट'मध्ये सत्तरच्या दशकातील क्वीनचा सारा भव्यपणा परत येतो. नाशिकच्या सदस्यांना जी फूट ऐकू येते, ती येथे भरून निघालेली आहे. भारतात त्या वेळी या अल्बमची फारशी चर्चा झाल्याचे मला आठवत नाही आणि आजही 'ग्रेटेस्ट हिट्स'वर थांबणारे श्रोते येथपर्यंत पोहोचत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

ठाण्याच्या सदस्यांचा श्रेयाविषयीचा मुद्दा मी माझ्या मांडणीत घ्यायला हवा होता इतका तो नेमका आहे. मिल्टन कीन्सच्या सदस्यांनी सुचवलेल्या मुद्रणाला मी आणखी एक जोड देतो: त्याच कार्यक्रमातील 'ॲक्शन धिस डे' ऐकावे आणि मग अल्बमवरील तेच गाणे ऐकावे, म्हणजे ड्रम मशीन आणि टेलर यांतील फरकावर नाशिकच्या सदस्यांशी निवांतपणे बोलता येईल. १९८१ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील माउंटन स्टुडिओत ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीसह मुद्रित झालेल्या 'अंडर प्रेशर'चा उल्लेख अद्याप कोणीही केलेला नाही, आणि 'फ्लॅश गॉर्डन'बद्दल तर एक ओळही आलेली नाही. चित्रपटाचे पार्श्वसंगीत म्हणून तो अल्बम बाजूला ठेवला जातो, तरी सिंथेसायझरशी या चौघांची खरी ओळख तेथेच वाढली. ज्यांनी तो पूर्ण ऐकला असेल, त्यांनी पुढील प्रतिसाद त्याबद्दल लिहावा अशी विनंती करतो.