इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या सरावासाठी हूड घ्यावा की फॉगल्स?

प्रश्न – निळा_पतंग
मी फ्लोरिडात सेस्ना १७२ वर शिकत असून प्रायव्हेट पायलटचे लायसन्स मिळाल्यावर इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याच्या पात्रतेची) तयारी सुरू केली आहे. बाहेरचे दृश्य झाकून केवळ उपकरणांवर विमान चालवण्यासाठी शाळेत फॉगल्स (भिंगांचा वरचा भाग धूसर केलेला चष्मा) देतात. परंतु मला चष्मा आहे. त्यावर फॉगल्स आणि वरून हेडसेट चढवला की कानाशी दोन काड्या दाबल्या जातात, इअरकप नीट बसत नाही आणि इंजिनचा आवाज आत येतो. स्वतःचा हूड (डोक्यावर बसवायची, बाहेरचे दृश्य अडवणारी झापड) घ्यावा का? तसेच लायसन्स असलेल्या मित्राला शेजारी बसवून केलेला सराव आवश्यक तासांत धरला जातो का?

उत्तर – उजवी_सीट
आधी नियमांचे सांगतो. अमेरिकेच्या एफएएनुसार (तेथील विमान वाहतूक नियामक संस्था) या रेटिंगसाठी प्रत्यक्ष ढगांतील अथवा दृश्य झाकून केलेले, असे मिळून ४० तास लागतात आणि त्यांपैकी किमान १५ तास पात्र प्रशिक्षकासोबतच व्हावे लागतात. उरलेल्या तासांत मित्र सेफ्टी पायलट (शेजारी बसून बाहेर लक्ष ठेवणारा वैमानिक) म्हणून चालतो. मात्र त्याच्याकडे त्या प्रकारच्या व वर्गाच्या विमानाचे किमान प्रायव्हेट लायसन्स हवे, वैद्यकीय पात्रता चालू हवी, विमानाला दुहेरी नियंत्रणे हवीत आणि त्याला समोरचे व दोन्ही बाजूंचे पुरेसे दिसायला हवे. त्याचे नाव लॉगबुकात लिहायला विसरू नका. विमान भाड्याचे असेल, तर त्या कराराची अटही आधी वाचून घ्या.

हूडबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. त्याला कानामागे काड्या नसतात, त्यामुळे तुमची हेडसेटची अडचण सुटेल. पण तुम्ही डाव्या सीटवर असल्याने मोठ्या हूडमुळे डाव्या खिडकीकडचा काही भाग उजवीकडे बसलेल्याला दिसेनासा होतो. दुसरे विमान बहुधा त्याच बाजूने यायचे! तेव्हा आखूड बाजूंचा हूड पाहा, आणि घेण्यापूर्वी जमिनीवर उजव्या सीटवरून मित्राला डावीकडचे पंख दिसतात का ते तपासा.

उत्तर – धुके_आणि_धावपट्टी
वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु साधन कोणतेही घेतले तरी प्रकाश आत येतोच, याकडे कोणी लक्ष देत नाही. वळण घेताना डॅशबोर्डवरून सरकणारा उन्हाचा कवडसा डोळ्यांच्या कडेला दिसला, की अॅटिट्यूड इंडिकेटर (विमानाचा कल दाखवणारे उपकरण) न पाहताही विमान कलले आहे हे कळते, आणि विद्यार्थ्याला वाटते की आपण उपकरणांवर उडत आहोत. खऱ्या ढगात हा आधार नसतो. तेथे आतल्या कानाची खोटी जाणीव मन व्यापते आणि विमान सरळ असतानाही ते वळते आहे असे वाटत राहते. म्हणून दुपारच्या तिरप्या उन्हाऐवजी पातळ ढगांचे आच्छादन असलेला दिवस निवडावा. डाव्या खिडकीवर पडदा लावण्याचा सल्ला काही जण देतात; तो मला पटत नाही, कारण त्याने सेफ्टी पायलटचीच नजर अडते.

याबाबतीत जुने लोक अधिक कठोर होते. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर अमेरिकन लष्करी वैमानिक जिमी डूलिटल यांनी उड्डाणापासून उतरण्यापर्यंतचा सारा प्रवास उपकरणांवर केला, तेव्हा त्यांचे कॉकपिट संपूर्ण झाकलेले होते आणि पुढे बसलेले बेन केल्सी हे सेफ्टी पायलट होते. नंतरच्या काळात काचांवर नारिंगी पारदर्शक पडदे लावून शिकणाऱ्याला निळ्या भिंगांचा चष्मा देण्याची पद्धतही वापरली गेली: त्याला आतले दिसे, बाहेरचे काळे पडे, आणि शेजाऱ्याची दृष्टी मोकळी राही.

उत्तर – निळा_पतंग
आभारी आहे. आखूड हूड मागवतो. अप्रोचच्या (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्याच्या टप्प्याच्या) शेवटी तो कधी काढावा?

उत्तर – उजवी_सीट
आयएलएसवर (रेडिओ संकेतांनी धावपट्टीकडे नेणाऱ्या यंत्रणेवर) साधारणतः धावपट्टीपासून २०० फूट उंचीवर उतरायचे की नाही हा निर्णय घ्यावा लागतो, तेव्हा हूड काढण्याची सूचना सेफ्टी पायलटनेच द्यावी आणि ती कधी येणार हे तुम्हाला आधी ठाऊक नसावे. काही वेळा त्याने सूचना देऊच नये. मग तुम्ही हूड तसाच ठेवून मिस्ड अप्रोच (न उतरता पुन्हा वर चढणे) करायचा. हूड एका हाताने मागे ढकलता येतो का, हेही विकत घेताना पाहा, कारण दुसरा हात योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर) असेल. अलीकडे विजेवर चालणारी फिल्म असलेली साधनेही मिळतात. त्यांत प्रशिक्षक दृश्य हळूहळू धूसर किंवा स्वच्छ करू शकतो, म्हणजे धावपट्टीचे दिवे खऱ्या धुक्यातल्यासारखे एकेक करून उमटतात. त्यांची किंमत मात्र साध्या हूडच्या कितीतरी पट आहे.