बिल्डिंगवर झुकलेला आंबा: पाडायचा का ठेवायचा?

वरचा_मजला_फोंडा:
मंडळी, आमच्या तीन मजली बिल्डिंगच्या मागे जुना रायवळ आंबा आहे आणि तो सरळ टेरेसच्या पत्र्यांवर झुकलाय. माझं मत एकच, पाऊस सुरू व्हायच्या आत बुंध्यापासून काढायचा. तौक्ते वादळात मे २०२१ला काय झालं ते विसरलात काय, गोवाभर झाडं आडवी, तारा तुटलेल्या, दिवसच्या दिवस लाईट नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये अर्धे लोक म्हणतात राहू दे, सावली आहे. सावली पाहिजे त्यांनी जूनमध्ये माझ्या बेडरूममध्ये येऊन निजावं.

चेपणीची_तोरं:
अहो पण झुकलंय म्हणजे पडणारच असं कुठाय? उजेडाकडे जाता जाता झाड वाकडं वाढतं, बुंधा तिरका पण शेंडा परत सरळ वर, अशी झाडं आमच्या डिचोलीत आजोबांच्या वेळची उभी आहेत. झोक गेल्या वर्षापेक्षा वाढलाय का ते बघा, झुकलंय त्याच्या उलट बाजूला मुळाशी माती वर आलीय का, भेग पडलीय का, बुंध्यावर अळंबी उगवलीत का. यातलं काही दिसलं तर मीच म्हणेन काढा. नसेल तर पत्र्यावर आलेल्या फांद्या उतरवा, वजन कमी होईल. दर वर्षी चेपणीला, म्हणजे मिठात मुरवायला, तोरं (कोवळ्या कैऱ्या) त्याच झाडाची घेत असाल ना?

वरचा_मजला_फोंडा:
माती दिसायला हवी ना, चारी बाजूंनी पेव्हर (फरशीचे ब्लॉक) आहेत. पण मागच्या, म्हणजे झोकाच्या उलट बाजूचे दोन पेव्हर उचलल्यासारखे झालेत, फटीत बोट जातं. गेल्या पावसाळ्यात नव्हतं ते.

कुळागरवाला:
मग विषय संपला, ही फट लय वाईट. त्या बाजूला गटार किंवा पाइपलाइनसाठी खणलं होतं काय? आपल्याकडे थोडं खाली गेलं की चिरा (जांभा दगड) लागतो, मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात, ती एका बाजूची तोडली की झाडाला धरून ठेवणार कोण. मी झाडं तोडायच्या विरोधातला माणूस, पण हे झाड काढा.

चेपणीची_तोरं:
पेव्हर मुळं जाड झाली तरी उचलतात हो साहेब. एका फटीवरून फाशी कशाला? पेव्हर काढून जाणकाराला दाखवा, मग बोला. आणि पंचायतीने सांगितलं म्हणून कोणी करवत लावू नका, खासगी जमिनीतलं झाड असलं तरी १९८४च्या वृक्ष कायद्याखाली वनखात्याच्या ट्री ऑफिसरची परवानगी लागते. २०१६मध्ये माडाला त्यातून वगळलं तेव्हा केवढा गजहब झाला होता, आंब्याला तर कधीच सूट नव्हती.

आल्मेदांच्या_शेजारी:
परवानगी मिळाली असं धरून चालू, पुढचं कोणी बोलतच नाही. नारळ पाडणाऱ्या पाडेल्याला चढवू नका, हे काम वेगळं. इथे झाड अख्खं पाडायला जागाच नाही, शेंड्याकडून एकेक फांदी दोरीने बांधून खाली सोडावी लागते, मागून वायर जाते तर वीज खात्याकडून लाईन बंद करून घ्या. आंब्याचा चीक अंगावर उडाला की कातडी भाजते, वर हुमल्यांची (चावणाऱ्या तांबड्या मुंग्यांची) घरटी वेगळीच. आणि सफाई! आमच्याकडे तोडणारे पैसे घेऊन गेले नि ओंडके गेटमध्ये, पाला गटारात, पहिल्याच पावसात पार्किंगमध्ये पाणी. पाला, ओंडके, खुंट कोण नेणार ते पैसे ठरवतानाच बोला. लाकूड स्मशानभूमीला द्यायचं असेल तरी ते हलवायला पास लागतो का ते त्याच अर्जात विचारा.

वरचा_मजला_फोंडा:
अर्ज सोमवारी घालतो, सोबत फटीचा फोटो. पेव्हरही काढून बघतो, चेपणीवाल्यांच्या समाधानासाठी. पण खरी गंमत पुढे आहे, खालचे दुकानवाले म्हणतात झाड आमच्यावर झुकलेलं नाही, आम्ही वर्गणी का द्यायची.

कुळागरवाला:
गटार कोणाच्या दुकानासाठी खणलं होतं ते विचारा त्यांना.