मदत हवी आहे: युरोपच्या एकत्रीकरणाविरुद्ध बोलायचंय, ग्रीसचा मुद्दा कसा मांडू?

नमस्कार मंडळी, मी जर्मनीत आखनला राहतो, चार वर्षं झाली. आमच्या संध्याकाळच्या जर्मन क्लासमध्ये पुढच्या गुरुवारी वादविवाद आहे, विषय युरोपच्या एकत्रीकरणाचे फायदे-तोटे, आणि चिठ्ठ्या टाकल्या त्यात मला तोट्याची बाजू आली.

पंचाईत अशी की फायदे मी रोज बघतोय. इथून सिटी बसमध्ये बसलं की अर्ध्या तासात फाल्स, म्हणजे नेदरलँड्स, पासपोर्टवर शिक्का नाही आणि खिशातले पैसेही तेच. ज्या करारातून युरो आला तो १९९२ चा करार झाला ते मास्ट्रिख्टही जवळच. आणि ज्या फ्रान्स-जर्मनीने ७५ वर्षांत तीन युद्धं केली त्यांनी १९५१ मध्ये कोळसा आणि पोलाद एका कारभाराखाली आणलं, का तर तोफा ज्याच्यातून बनतात ते कोणा एकाच्याच हातात राहू नये. याच्या विरोधात काय बोलायचं?

पण ऑफिसमधला माझा मित्र ग्रीक आहे, थेसालोनिकीचा, सिव्हिल इंजिनियर. २०१३ मध्ये देश सोडला, ग्रीस तेव्हा कर्जसंकटात होता, तिथे बेकारी २७ टक्क्यांच्या वर आणि तरुणांत तर निम्म्याहून जास्त. आईची पेन्शन किती वेळा कापली ते तो बोटांवर मोजून सांगतो, आणि २०१५ च्या उन्हाळ्यात बँका बंद असताना एटीएममधून दिवसाला ६० युरोच मिळायचे, त्यासाठी ती उन्हात रांगेत उभी राहायची. हे ऐकल्यापासून ही बाजू मला मनापासून मांडायची आहे.

माझं म्हणणं असं की ड्राख्मा, म्हणजे ग्रीसचं जुनं चलन, असता तर ग्रीसने चलन उतरवलं असतं, पर्यटक आणि निर्यात वाढली असती. युरोत ते करता येत नाही, मग उरतं ते पगार-पेन्शन कापणं. पण समोरचे लगेच म्हणणार की ग्रीसने आकडे लपवले, युरोचा नियम बजेटची तूट देशाच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा आणि २००९ ची खरी तूट निघाली १५ टक्क्यांच्या वर. याला काय उत्तर देऊ?

प्रतिसाद १: आकडे लपवले हे मान्यच करा, नाकारायला गेलात तर तिथेच हराल. त्यांना स्पेनचं विचारा. २००७ मध्ये स्पेनचं बजेट शिलकीत होतं, सरकारी कर्जही उत्पन्नाच्या ६० टक्क्यांच्या मर्यादेच्या बरंच खाली, तरी अडकलेच, कारण स्वस्त कर्जाचा पूर आला, घरांच्या किमती भडकल्या आणि व्याजदर ठरतो फ्रँकफुर्टला, युरोपियन सेंट्रल बँकेत, माद्रिदला नाही. शिवाय २००३ मध्ये ३ टक्क्यांची मर्यादा खुद्द जर्मनी आणि फ्रान्सने मोडली होती, तेव्हा युनियनच्या देशांच्या अर्थमंत्र्यांनी कारवाई थांबवली. खरा घोळ चलन एक आणि तिजोऱ्या वेगळ्या हा आहे. आपल्याकडे महाराष्ट्र आणि बिहार एकच रुपया वापरतात, पण केंद्राच्या वाटपातल्या करांमधून बिहारला महाराष्ट्रापेक्षा जास्त वाटा जातो. युरोपियन युनियनचं बजेट सगळ्यांच्या मिळून उत्पन्नाच्या जेमतेम १ टक्का, त्यात कोण कोणाला सावरणार?

धागाकर्ता: स्पेनचं डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार! पण मग हे "अजून एकत्र या" असंच झालं ना? माझी बाजू तर उलटी आहे.

प्रतिसाद २: तिजोरी एक केली तर कर कोण लावणार आणि कोणाच्या मतावर, हे विचारा. ५ जुलै २०१५ ला ग्रीसमध्ये सार्वमतात ६१ टक्के लोकांनी कर्ज देणाऱ्यांच्या मदतीच्या अटी नाकारल्या, आणि आठ दिवसांत सरकारला कडक अटींवर नवीन करार मान्य करावा लागला. माझ्या मते तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच, भाषण इथूनच सुरू करा. फक्त २०२० ची तयारी ठेवा, कोविडनंतर ७५० अब्ज युरोचं सामायिक कर्ज काढायचं ठरलं, समोरचे म्हणतील युरोप चुकांमधून शिकला.

धागाकर्ता: सार्वमतापासूनच सुरू करतो. आज जेवताना मित्राला विचारलं, ग्रीसने युरो सोडायला हवा होता का? तो लगेच नाही म्हणाला. ड्राख्मा आला असता तर आईने साठवलेले पैसे रातोरात निम्मे झाले असते, आणि मी आज इथे नोकरी करतोय ती व्हिसाशिवाय, म्हणाला. आता हे भाषणात घेऊ का? घेतलं तर बाजू लंगडी पडेल, आणि त्याच्या आईची रांग सांगून हे लपवणं मला पटत नाहीये. कोणी सुचवेल का?