ड्राफ्टिंगची असोसिएट डिग्री: पैसे वसूल होतात का?

टी_स्क्वेअर (धागाकर्ता)
अमेरिकेत कामाचा परवाना हाती असलेल्या मराठी घरांत हा प्रश्न नेहमी निघतो: कम्युनिटी कॉलेजातून ड्राफ्टिंगची (म्हणजे इमारती, यंत्रांचे भाग यांची तांत्रिक ड्रॉइंग्ज काढण्याची) दोन वर्षांची डिग्री करावी का? माझं मत, बिनधास्त करावी. साधारण ६० क्रेडिट्स असतात. आपल्याच डिस्ट्रिक्टमधलं (कॉलेजच्या ठरलेल्या हद्दीतलं) कॉलेज धरलं तर २०२४-२५ची देशभरातली सरासरी फी वर्षाला ४,०५० डॉलर, म्हणजे दोन वर्षांचे आठ हजार. ड्राफ्टरचा मध्यक पगार श्रम खात्याच्या आकड्यांत वर्षाला ६० हजारांच्या वर आहे. विद्यार्थ्याला ऑटोडेस्क कंपनीची ड्रॉइंगची सॉफ्टवेअर फुकट. एरवी एकट्या ऑटोकॅडला वर्षाला दोन हजारांच्या आसपास मोजावे लागतात. अजून काय हवं?

उणे_बाजू
हिशेब हवा, तोही पूर्ण. डिस्ट्रिक्टच्या हद्दीबाहेर राहत असाल तर त्याच वर्गाची (म्हणजे कोर्सची) फी अनेक ठिकाणी दुप्पट-तिप्पट होते, तेव्हा घर भाड्याने घेण्याआधीच हद्दीचा नकाशा बघा. रेव्हिट हे इमारतींच्या मॉडेलचं ऑटोडेस्कचं सॉफ्टवेअर मॅकवर थेट चालत नाही, त्यामुळे दमदार विंडोज लॅपटॉप वेगळा घ्यावा लागतो. दोन वर्षांची बुडालेली कमाई तर तुम्ही धरलेलीच नाही. आणि मध्यक पगारात वीस-वीस वर्षं मुरलेले लोकही मोजलेले असतात, नवख्याला तो आकडा दाखवू नये. या क्षेत्रात नोकऱ्यांची वाढही जवळपास शून्यच आहे. इथल्या स्टीलच्या इमारतींची शॉप ड्रॉइंग्ज (कारखान्यात भाग बनवण्यासाठीची) टेक्ला या सॉफ्टवेअरवर पुण्यात बसून होतात, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

कर_आणि_कात्री
दोघांनीही मुख्य फरक सोडला. भारतातली बी.ई. किंवा दुसरी पदवी आधीच असेल, तर पेल ग्रँट (बेताच्या उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना सरकारकडून मिळणारी, परत न करायची मदत) मिळत नाही. पदवी परदेशातली असली तरी ती मोजली जाते. ज्या करसवलतीत वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत मिळतात, ती उच्चशिक्षणाच्या पहिल्या चार वर्षांपुरतीच आहे. ती वर्षं आधीच झाली असतील तर तीही गेली. उरते दुसरी करसवलत, लाइफटाइम लर्निंग क्रेडिट: फीच्या २० टक्के, जास्तीत जास्त २,०००, उत्पन्नाच्या मर्यादेत. उलट ग्रीन कार्ड असलेला, बारावी झालेला, बेताच्या उत्पन्नाच्या घरातला मुलगा घ्या. त्याला पेल वर्षाला ७,३९५ पर्यंत (२०२४-२५) मिळू शकते, म्हणजे सरासरी फी भागून वर पुस्तकांनाही उरतं. तोच वर्ग एकाला फुकट, दुसऱ्याला पूर्ण दामाने.

टी_स्क्वेअर
पेलचा मुद्दा मान्य. पण पुण्याचा बागुलबुवा नको. बाहेर जातं ते ठरावीक, ढीगभर काम. साइटवर सर्व्हेअरशी बोलून त्याच दिवशी शीट बदलण्याचं काम इथेच राहतं. सिव्हिल थ्रीडी या रस्ते-जमिनीच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधली एक नेहमीची चूक बघा: ड्रॉइंगला ‘यूएस सर्व्हे फूट’ऐवजी ‘इंटरनॅशनल फूट’ लावलं. दोन्हींत फरक दहा लाखाला दोनचा, मोजपट्टीवर दिसणारही नाही. पण टेक्सासच्या सर्व्हेच्या सेंट्रल झोनमध्ये ऑस्टिनजवळचे नॉर्दिंग (उत्तर दिशेचे निर्देशांक) एक कोटी फुटांच्या आसपास असतात. सगळी साइट वीस फूट सरकते! हे ओळखणाऱ्याला पगार मिळतो, आणि हे यूट्यूबवर सहसा कळत नाही.

उणे_बाजू
कळण्यासाठी एक वर्ग पुरतो हो, पूर्ण डिग्री कशाला?

तृतीय_कोन
भारतात शिकलेल्यांसाठी उणे_बाजू यांच्याशी सहमत. रेषा मारायला त्यांना शिकवावं लागत नाही. अडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे वस्तूची दृश्यं कागदावर मांडण्याची पद्धत: आपल्याकडे प्रथम कोन प्रक्षेपण, इथे तृतीय कोन. सवयीने उजवीकडचं दृश्य डावीकडे काढलं की आरशातला भाग तयार होऊन येतो. दुसरं म्हणजे जीडी अँड टी, भागाच्या आकारात आणि स्थानात किती फरक चालेल ते चिन्हांनी सांगण्याची पद्धत. भोक १०.० ते १०.३ मिमी, स्थानाची टॉलरन्स (चालणारा फरक) ०.२ आणि पुढे गोलातला ‘एम’, म्हणजे भोक लहानात लहान मापापेक्षा जितकं मोठं तितकी स्थानाला जास्त सूट. भोक १०.२ चं निघालं तर स्थानाला ०.४ पर्यंत सूट मिळते. ही वाढीव सूट ज्याला ठाऊक नाही तो चांगला भाग भंगारात टाकायला लावतो. याला आठ-दहा वर्गांचं सर्टिफिकेट पुरेसं आहे. डिग्रीतले इंग्रजी, इतिहासासारखे सामान्य विषय जुन्या गुणपत्रिकेचं मूल्यांकन करून माफ होतात का, ते प्रवेशाआधीच विचारा.

कर_आणि_कात्री
बारावीनंतरच्या मुलांना मात्र एक धोका. ‘अप्लाइड सायन्स’वाली असोसिएट डिग्री नोकरीसाठी बेतलेली असते. पुढे इंजिनिअरिंगला जायचं म्हटलं की त्यातली बरीच क्रेडिट्स विद्यापीठ धरत नाही, आणि कॅल्क्युलस पहिल्यापासून करावं लागतं.

टी_स्क्वेअर
म्हणून पहिल्याच सत्रात तांत्रिक गणिताऐवजी कॉलेज अल्जिब्रा घ्यायचं. तो बहुतेक ठिकाणी धरला जातो.

उणे_बाजू
धरला जातो, पण इंजिनिअरिंगच्या डिग्रीला लागणाऱ्या क्रेडिट्समध्ये मोजला जात नाही. कॅल्क्युलसची पूर्वतयारी म्हणून जातो तो.